चुलीमागची मेंढी

थोरले साहेब नेमके त्याच आठवड्यात आजारी पडले. थोरले साहेब म्हणजे पशुसंवर्धन खात्याचे मंत्री. छातीत धडधडतंय म्हणून ते दवाखान्यात जाऊन झोपले. जाता जाता पायरीवर उभं राहून वार्ताहरांना सांगून गेले, की खात्याचं काम आता बाई पाहतील, बाई समर्थ आहेत. बाईंना त्यांनी समर्थ म्हटल्याचं खात्यात याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

बाई उपमंत्री होती. राज्याच्या सरकारात बसलेली ही पहिलीच बाई. मेंढपाळाच्या घरची सून. माळावर पाण्याची टाकी हवी म्हणून गावच्या बायकांना घेऊन ती एकदा कचेरीच्या दारात ठाण मांडून बसली होती, आणि टाकी घेऊनच उठली होती. त्या सुमारास पक्षाला एक बाई हवी होती. ही कुणाची लेक नाही, कुणाची बहीण नाही, म्हणजे कुणाच्या वाटेत येणार नाही, असा हिशेब करून तिला उभी केली, आणि ती निवडून आली. मंत्रालयात पहिल्या दिवशी ती आपल्या खोलीत शिरली तेव्हा शिपाई तिच्या पाठीमागे बघत उभा राहिला. "साहेब मागून येतायत का?" तिनं सांगितलं, साहेब मीच. तेव्हा त्यानं आधी खुर्ची पुसली, मग तिच्याकडे पाहिलं. बायकांसाठी मोरी त्या इमारतीत नव्हतीच. पुढे एका अडगळीच्या खोलीला कडी लावून ती सोय झाली, पण किल्ली कारकुनाकडे असायची, आणि मागायला गेलं की तो आधी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं "किल्ली ना?" म्हणायचा. ती दिवसभर पाणी पीत नसे.

सभागृहात ती बोलायला उठली की मागच्या बाकांवरून कुणीतरी "बें" करायचं. एकदा तिनं सभापतींना म्हटलं, "मेंढी भुकेनं ओरडते. सन्माननीय सदस्यांना जेवायची सुट्टी द्यावी." सगळं सभागृह हसलं. बें थांबलं, आणि लोक तिला थोडं ओळखू लागले.

तर थोरले साहेब दवाखान्यात, आणि खात्याचे संचालक तिच्या टेबलासमोर एक कागद घेऊन उभे. थंडी पडायला लागली होती. खिडकीच्या फटीतून वारा येत होता आणि संचालकांच्या हातातला कागद हलत होता.

"बाई, नदीच्या अलीकडचा सगळा पट्टा. मेंढ्यांच्या अंगावर फोड, ताप, आणि मग आडव्या पडतायत."

"एक आजारी निघाली तर?"

"सगळा कळप मारायचा, पुरायचा, वर चुना टाकायचा."

"लस?"

"येईल उन्हाळ्यापर्यंत. तोवर रोग नदी ओलांडेल, आणि मग राज्यात मेंढी चित्रात दाखवायला उरेल."

खोटं निघेल असं त्यात काही नव्हतं. तिच्या माहेरी, ती लहान असताना, हाच रोग आला होता. तिचा बाप एक मेंढी वाचवायला गेला आणि सगळं गाव मेंढ्यांवाचून उघडं पडलं.

"थोरल्या साहेबांना विचारलंत?"

"त्यांना बोलायची मनाई आहे. डॉक्टरांची."

"सकाळी माझ्याशी फोनवर चांगले बोलले. कुणाच्या तरी बदलीबद्दल."

संचालक छताकडे बघत म्हणाले, "तुमचं गाव आपण शेवटी घेऊ."

"माझं गाव नदीच्या उतारावर आहे. रोग तिथूनच पलीकडे जाणार. ते आधी घ्या."

तिनं सही केली. सही करताना आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे तिला कळत होतं. पण काही वाटलं नाही. सही झाल्यावर हात टेबलावर तसाच पडून राहिला, कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा. संचालकांनी कागद ओढून घेतला तेव्हा तिनं हात उचलला.

*

सरकारी गाडी गावात शिरली की एरवी बायापोरं गोळा व्हायची. त्या दिवशी दारं ओढलेली होती. वाऱ्यानं माळावरची धूळ रस्त्यावर लोटत आणली होती आणि गिरणीच्या पायरीवर गिरणीवाला एकटा बसला होता. त्यानं मान हलवली, उठला नाही.

घरात सासू होती. सासूचं तोंड फाटकं, पण हात दिवसभर चालता. निवडणुकीत हिनंच दारोदार जाऊन सांगितलं होतं, "माझी सून भांडखोर आहे, मला विचारा, तिला घराबाहेर भांडायला पाठवा, तुमचंही भलं, माझंही." सुनेला दारात बघून सासू लगबगीनं उठली. भिंतीला टेकवलेली खुर्ची तिनं स्वतः आणून मांडली.

"बस, सूनबाई. दमली असशील. पाणी आणते."

ती खुर्चीवर बसली. या घरात आल्यापासून सासूनं तिच्या हातात पाणी दिलेलं तिला आठवत नव्हतं. अंगात ताप असतानाही, उठ आणि घे, असाच कायदा होता.

"मी घेते की."

"बस म्हटलं ना!"

तेव्हा ती उठलीच. सासू स्वयंपाकघराच्या दारात आडवी झाली, पण सासूच्या खांद्यावरून वास आला. ओल्या लोकरीचा, तापाचा, पिकलेल्या जखमेचा. चुलीच्या मागे सरपणाच्या आडोशाला पोतं अंथरलं होतं आणि त्यावर एक मेंढी पडली होती. श्वास घेताना तिच्या नाकातून शिट्टीसारखा आवाज येत होता. डोळ्यांच्या कडा सुजलेल्या. कानामागे, मांडीत, जिथं लोकर नसते तिथं फोड.

"जरा पडसं झालंय," सासू म्हणाली.

ती खाली बसली, मेंढीच्या मांडीवर हात ठेवला. चटका बसावा इतकी ऊब होती.

"कधीपासून?"

"मला काय विचारतेस? तुझ्या नवऱ्याला विचार."

नवऱ्याला गावात मुका म्हणायचे. तो मुका नव्हता, पण दिवसाकाठी जे काय बोलायचा ते मेंढ्यांशी. ऊन उतरायला लागलं तसा तो कळप घेऊन आला. ती मेंढवाड्याच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. त्यानं एक मेंढी पाठीवर उलटी करून गुडघ्यात धरली होती आणि सुरीनं तिचे वाढलेले खूर छाटत होता. खुराच्या पांढऱ्या चकत्या त्याच्या पायाशी पडत होत्या.

"चुलीमागची पाहिली," ती म्हणाली.

त्यानं दुसरा पाय हातात घेतला. "एकच आहे."

"एक पुरे होते."

"बाकीच्यांना काही नाही. रोज बघतो मी. कानामागे, शेपटीखाली."

"दिसायच्या आधी आठवडा जातो. तुम्हाला काय मी सांगायचं?"

सुरी थांबली, पुन्हा चालू झाली. "जनावरांचा डॉक्टर म्हणाला, उद्या पथक आपल्या दारात येणार नाही. म्हणाला, बाईंच्या घरात कोण बघतंय."

"असं म्हणाला?"

"सगळ्या गावानं लपवल्यात. गिरणीवाल्यानं पिठाच्या खोलीत कोंडलीय. वरच्या आळीतल्या म्हातारीनं पलंगाखाली. त्यांच्या नाही दिसणार, आणि आपलीच दिसणार?"

"आपली दिसल्याशिवाय त्यांच्या कशा दिसतील?"

त्यानं मेंढीला सोडलं. ती धडपडून उठली आणि कळपात शिरली. सुरी मांडीवर पुसत तो पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलला.

"तू रविवारी येतेस. ह्या रोज माझ्याबरोबर असतात."

त्यानं पुढची मेंढी धरली. ती तिथंच उभी राहिली, तो सगळ्यांचे खूर छाटेपर्यंत. वाऱ्यानं तिचे कान बधिर झाले होते. एकदा त्याच्या हातून सुरी पडली, ती तिनं उचलून दिली, आणि त्यानं घेतली.

*

सकाळी पथक आलं. जनावरांचा डॉक्टर, त्याची माणसं, चुन्याची पोती भरलेली गाडी, आणि एक वर्तमानपत्राचा फोटोवाला. गावाबाहेरच्या पडीक जमिनीत रस्त्याच्या कामावरच्या मजुरांनी खड्डा खणायला घेतला होता. जमीन थंडीनं आवळलेली. टिकाव मारला की ठण्ण वाजायचा आणि ढेकूळ नखाएवढं निघायचं.

डॉक्टर घराघरात जाऊन विचारत होता. आजारी आहे का? नाही. एखादी? एकही नाही. तो पुढच्या दारात. सगळं गाव रस्त्यावर येऊन उभं होतं आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. डॉक्टर तिच्या घरासमोर आला, हात जोडून "नमस्कार बाई" म्हणाला, आणि पुढे चालू लागला.

"डॉक्टर, हे घर राहिलं."

"असू दे बाई. तुमच्या घरी काय..."

ती आत गेली. सासू स्वयंपाकघराच्या दारात बसली होती, पाय लांब करून, दोन्ही हात चौकटीला लावून.

"जायचं तर माझ्या अंगावरून जा."

"आई, बाजूला व्हा."

"हा कळप माझ्या नवऱ्यानं वाढवला. तू येण्याच्या आधीचा. तुझ्या सरकारच्या आधीचा."

"माहीत आहे मला."

सासू हलली नाही. पण एक पाय तिनं जवळ ओढला, आणि तेवढ्या फटीतून सून आत गेली. मेंढी उठत नव्हती. तिनं एक हात छातीखाली, एक मागच्या मांड्यांखाली घातला आणि ती उचलली. आजारानं वाळली होती तरी कंबरेत कळ आली. बाहेर उन्हात, सगळ्यांच्या देखत, तिनं ती ओट्यावर ठेवली. मेंढीचं डोकं कडेवरून लोंबलं.

मग गिरणीवाला मोठ्यानं म्हणाला, "कुऱ्हाडीचा दांडा, गोतास काळ! मतं मागायला आलीस तेव्हा आमची लेक होतीस."

तेवढ्यात पाठीमागून सासूचा आवाज आला. म्हातारी दारात येऊन उभी होती.

"आणि तुझ्या पिठाच्या खोलीत काय ओरडतंय रे? दळण का? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! आमची गेली ना? आता तुझीही काढ बाहेर. माझी एकटीचीच का म्हणून जायची?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. डॉक्टर गिरणीकडे वळला. त्याच्यानंतर वरच्या आळीतली म्हातारी आपण होऊन घरात गेली आणि रडत रडत पलंगाखालची ओढत घेऊन आली.

सुरुवात तिच्याच कळपापासून झाली. पथकातली माणसं शहरातली होती. मेंढवाड्यात शिरली की मेंढ्या कोपऱ्यात दाटायच्या, एकमेकींच्या अंगावर चढायच्या. एकाला धडक बसली, तो लेंड्यांत बसला. शेवटी डॉक्टर नवऱ्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "तुम्ही हाक मारलीत तर..."

मुक्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग तो कुंपणाच्या फाटकाशी गेला, जीभ टाळूला लावून टक् टक् केलं, आणि एक मेंढी गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे आली. तो पुढे चालला, ती मागून चालत खड्ड्यापर्यंत गेली. तो परत आला. पुन्हा टक् टक्.

खड्ड्याशी तिनं बाह्या वर केल्या होत्या. मेंढी धरायची कशी हे पथकातल्या कुणाला येत नव्हतं. ती डाव्या हातानं जबडा वर धरायची, गुडघा बरगडीला लावायची, आणि मान डॉक्टरकडे वळवायची. डॉक्टर लोकर बाजूला सारून सुई टोचायचा. अंग आधी ताठ व्हायचं, मग तिच्या मांडीवर जड व्हायचं. मग मजूर ओढून न्यायचे. कातरणी महिन्याभरावर आली होती. लोकर दाट होती, आतून तुपासारखी मऊ. पहिल्या काहींच्या वेळी तिला प्रत्येकीचा चेहरा ओळखू आला. ही जुळी देणारी. ही कुंपणावरून उडी मारणारी. नंतर हात आपोआप जबड्याकडे जायला लागले. बोटांच्या शेंड्यांना काही कळेनासं झालं. थंडी असेल, असं तिला वाटलं.

"बाई, जरा इकडे," फोटोवाला म्हणाला. "एखादं कोकरू उचलून छातीशी धरता? वाचकांना भिडेल."

तिनं पुढची मेंढी धरली. त्यानं मग खड्ड्याचाच फोटो घेतला.

शेवटी मेंढवाड्यात एकटा म्होरक्या मेंढा उरला, म्हातारा, एका शिंगाचा. त्याला हाक मारावी लागली नाही. सगळे गेल्यावर तो आपणच चालत आला आणि नवऱ्याच्या मांडीवर डोकं घासत उभा राहिला. त्याला नवऱ्यानं स्वतः धरलं. तिनं पुढे केलेला हात त्यानं कोपरानं बाजूला केला. सुई टोचून झाल्यावरही त्यानं बराच वेळ सोडलं नाही, तेव्हा मजूर थांबून राहिले, आणि कुणी घाई केली नाही.

मग चुना पडला. वाऱ्यानं तो उडून सगळ्यांच्या भुवयांवर बसला. नवऱ्यानं दोर गोळा केला, वेटोळं करून खांद्याला अडकवलं आणि माळाकडे निघून गेला, जसा रोज जायचा. मागे कुणी नव्हतं.

ती दुसऱ्या घराच्या मेंढ्या धरायला गेली.

*

रोग नदीपलीकडे गेला नाही. थोरल्या साहेबांच्या छातीतली धडधड थांबली, आणि सभागृहात उभं राहून ते म्हणाले, की आजारपणाच्या खाटेवरून मी ही लढाई लढलो. बाकं वाजली. तिनंही वाजवली. बाजूचा सदस्य वाजवत होता म्हणून तिचा हात उठला, इतकंच.

भरपाईचा कागद अर्थखात्यात अडकला. ती रोज त्या खात्याच्या दारात जाऊन बसायची. तिथला अधिकारी उठून उभा राहायचा, चहा मागवायचा, आणि पुढच्या आठवड्यात या म्हणायचा. गावी गेली की सासू विचारायची, "बैल गेला नि झोपा केला, असं करणार का तुझं सरकार?" बाकी म्हातारी तिच्याशी पूर्वीसारखीच वागायची, म्हणजे पाणी देत नसे. नवरा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागला होता. तिथले लोक त्याला मुका म्हणत नव्हते, बाईंचा नवरा म्हणत. तो तिच्याशी बोलत नव्हता. भांडणही नव्हतं. ती आली की तो तिच्यासाठी अंथरूण घालायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

निवडणूक आली. पक्षानं तिलाच पुन्हा उभी केली, कारण त्या पट्ट्यातून उभं राहायला दुसरा कुणी तयार नव्हता. विरुद्ध लोकरीचा एक व्यापारी होता, गोड बोलणारा. ती दारोदार फिरली. लोक पाणी देत, बसा म्हणत, आणि गप्प बसत. एका बाईनं तिला हात धरून मागच्या अंगणात नेलं, रिकाम्या मेंढवाड्यात. "बसा इथं," म्हणाली. ती बसली. लेंड्या वाळून त्यांची भुकटी झाली होती. ती बाई कुंपणाला टेकून तिच्याकडे बघत राहिली. काही वेळानं म्हणाली, "झालं. जा आता." ती उठून पुढच्या घरी गेली.

ती पडली. थोडक्यात नाही, चांगली आपटली. सामान एका पिशवीत मावलं. किल्लीवाल्या कारकुनानं जिन्यापर्यंत येऊन पिशवी धरली आणि "पुन्हा या हं" म्हणाला, आणि ते कुणालाही म्हणतात तसंच म्हणाला. गाडी परत गेली होती, म्हणून ती बसनं घरी आली.

दुसऱ्या दिवशी सासूनं तिच्या हातात जेवणाचा डबा दिला. "माझे गुडघे चालत नाहीत. तूच नेऊन दे त्याला. आता रिकामीच आहेस."

रस्त्याचं काम टेकडीच्या वळणावर चाललं होतं. उन्हं वर आली होती आणि खडीचे ढीग तापायला लागले होते. नवरा एका ढिगाशी उकिडवा बसून हातोडीनं दगड फोडत होता. एका डोळ्याखाली ठिकरी लागल्याची खूण होती. ती तिला नवी होती. तिला बघून मुकादम ओरडला, "बाईंचा नवरा, जेवायला सुट्टी!"

तो हात झटकून आला. दोघं झाडाखाली बसली. तिनं डबा उघडून पुढे केला. त्यानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला. बोटं फुटली होती. तो ती दुमडून खात होता. वाऱ्यानं डब्यावर धूळ येत होती, म्हणून तिनं वर हात धरला.

"मी तुलाच दिलं," तो म्हणाला.

तिला आधी कळलंच नाही. किती महिन्यांनी त्याचा आवाज आपल्या दिशेनं आला होता.

"काय दिलंत?"

"मत."

तो डब्यात बघून खात होता.

"कशाला दिलंत?"

"मग काय त्या लोकरवाल्याला देऊ? त्यानं घरातली मेंढी लपवली असती."

"लपवली तर तुम्हीच होतीत."

त्यानं घास चावून संपवला, पाणी प्यायला, आणि उलट्या हातानं तोंड पुसलं.

"मी काय निवडणुकीला उभा होतो?"

असं म्हणून तो उठला आणि ढिगाकडे गेला. तिनं डबा झाकला. डबा हातात घेऊन ती काही पावलं घराच्या वाटेला लागली आणि थांबली. मग वळून परत आली, डबा झाडाच्या मुळाशी ठेवला, आणि मुकादमाला विचारलं, की जास्तीची एखादी हातोडी आहे का.

"बाई, तुम्ही?" मुकादम म्हणाला.

"का? बायकांना घेत नाहीत का इथं?"

मुकादमानं डोकं खाजवलं, आणि पेटीतून एक हातोडी काढून दिली. दांडा सैल होता. ती नवऱ्याच्या समोर, ढिगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. पहिला घाव दगडावर न बसता तिच्या अंगठ्यावर बसला. दुखलं. चांगलंच दुखलं. तिनं अंगठा तोंडात घातला, आणि नवऱ्यानं मान वर न करता एक चपटा दगड तिच्याकडे सरकवला, खाली ठेवून फोडायला.